कॅन्सरवर संशोधन करायचंय. सेल सिग्नलिंगवाले नेमकं करतात काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मॅडम, मी निपाणीजवळच्या खेड्यातली. अर्जुननगरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेतलंय. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आजी मशेरी लावायची, गालाच्या कॅन्सरनं गेली. मला कॅन्सरवर संशोधन करायचंय. सेल सिग्नलिंगमध्ये काय काम असतं? किती वर्षं लागतात? पोट भरतं का? घरचे म्हणतात बी.एड. करून शाळेत लाग, त्यांना काय सांगू?"

मी खानापूर तालुक्यातली. बी.एस्सी. बेळगावात, एम.एस्सी. धारवाडला, पीएच.डी. पुण्यात, नंतर काही वर्षं परदेशात, आणि आता बरीच वर्षं बेंगळुरूत प्रयोगशाळा चालवते. वाढीचा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो, आणि त्याहून जास्त म्हणजे तो थांबतो कसा, हे माझं काम. यालाच सेल सिग्नलिंग म्हणतात. उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाच.

आधी कडू ते सांगते. तुझ्या आजीला कॅन्सर कशानं झाला हे शोधायला माझ्यासारखीची गरज नाही, ते ठाऊक आहे. तंबाखू वाळवताना आणि मुरवताना तिच्यातल्या निकोटिनसारख्या अल्कलॉइडांपासून एनएनके आणि एनएनएन नावाची नायट्रोसमाइन द्रव्यं तयार होतात. ती माणसात कॅन्सर घडवतात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्यांना पहिल्या गटात घातलंय. मशेरीसाठी हीच तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, त्यामुळं जळण्यातून होणारी बेंझोपायरीनसारखी द्रव्यंही तिच्यात उतरतात. ती भुकटी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची, तोंडात तशीच ठेवून घरकाम उरकायचं, आणि हे वर्षानुवर्षं. सुपारीचंही तेच. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाल्ली तरी ती पहिल्याच गटात मोडते, २००४ पासून. आपल्याकडं हे सांगितलं की लोक हसण्यावारी नेतात.

त्यावर काय करावं हेही बरंचसं ठाऊक आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं उजेडात नीट तपासली. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम दिसली की पुढं पाठवलं, बस्स. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. माझ्या प्रयोगशाळेतलं कुठलंच यंत्र अजून असं काही करून दाखवू शकलेलं नाही. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या निपाणीच्या बायकांचं भलं पुढच्या दहा वर्षांत व्हावं, एवढीच तुझी इच्छा असेल, तर सार्वजनिक आरोग्याकडं जा. बी.एस्सी.नंतर एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करता येते. त्या कामाला हलकं समजू नकोस. मी तर म्हणेन, आपल्या भागाला बायोकेमिस्टपेक्षा तशा माणसांची कमतरता जास्त आहे.

पण तुला छळणारा प्रश्न दुसराच असेल तर? शेजारणीनंही तेवढीच मशेरी लावली, तेवढीच वर्षं, आणि ती ऐंशीव्या वर्षी ठणठणीत आहे, हे कसं? गालाच्या आतली जी पेशी इतकी वर्षं नेमानं वागत होती, ती एक दिवस कुणाचंच न ऐकता वाढत का सुटली? असला प्रश्न डोक्यात बसून राहत असेल तरच बायोकेमिस्ट्रीत ये. कॅन्सर बरा करायचा म्हणून आलेली पोरं तिसऱ्या वर्षी खचलेली मी पाहिली आहेत. पेशी ऐकते कशी, याचं कुतूहल घेऊन आलेली मात्र टिकतात. माझ्याकडं कुणी मुलाखतीला आलं की मी तेवढंच चाचपते.

आता ऐकणं म्हणजे काय ते सांगते. तू रसायनशास्त्राची आहेस, तुला हे सोपं जाईल. शरीरातली पेशी आपल्या मनानं विभागत नाही. बाहेरून वाढीचं प्रथिन येतं, समज ईजीएफ, आणि पेशीच्या पटलावरच्या ईजीएफआर या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. दोन रिसेप्टर जवळ येतात आणि एकमेकांच्या शेपटीवरच्या टायरोसीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लावतात. त्या फॉस्फेटला धरून आतली प्रथिनं गोळा होतात आणि रास नावाच्या छोट्या प्रथिनातला जीडीपी (दोन फॉस्फेटांचा रेणू) जाऊन जीटीपी (तीन फॉस्फेटांचा) येतो. जीटीपीवालं रास पुढच्या रॅफ या प्रथिनाला जागं करतं, रॅफ मेकला फॉस्फेट लावतं, मेक ईआरकेला. ईआरके केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. एवढं सगळं पाच-दहा मिनिटांत होतं.

फॉस्फेट लावणारी ती कायनेज, काढणारी ती फॉस्फटेज. २००२ मध्ये मानवी जीनोमवरून मोजदाद झाली तेव्हा कायनेजांची संख्या ५१८ निघाली, त्यात टायरोसीनवर काम करणारी ९०. सगळं जग कायनेजांच्या मागे धावत होतं तेव्हा मी फॉस्फटेज धरलं, कारण चालू झालेली गोष्ट बंद कोण करतं हे मला जास्त कोड्यात टाकायचं. ईआरके जी जनुकं चालू करतं त्यात डीयूएसपी-६ नावाच्या फॉस्फटेजचंही जनुक असतं, आणि ते फॉस्फटेज ईआरकेवरचंच फॉस्फेट काढून त्याला बंद करतं. स्वतःला आवरणारं माणूस स्वतःच बोलावून आणायचं, असा हा कारभार. माझी निम्मी कारकीर्द या एका प्रथिनाच्या नादात गेली, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

हे ज्ञान जमलं कसं, तेही ऐक. पुढं तुला गाईड निवडताना उपयोगी पडेल. अर्ल सदरलँड बघत होता की ॲड्रिनलीन आलं की यकृतातून साखर का सुटते. त्यातून पेशीच्या आत निरोप नेणारा सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू सापडला, १९७१ चं नोबेल. क्रेब्ज आणि फिशर स्नायूतलं ग्लायकोजेन मोडणारं एन्झाइम अभ्यासत होते, १९५५ च्या सुमाराला. फॉस्फेट लावून-काढून प्रथिन चालू-बंद होतं हे त्यांना तिथं दिसलं, आणि नोबेल मिळालं १९९२ ला. स्टॅनली कोहेननं उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले. या विचित्र निरीक्षणामागं तो हात धुऊन लागला आणि ईजीएफ हाती आलं. यातल्या कुणाच्याही टेबलावर कॅन्सर नव्हता.

टोनी हंटरचा किस्सा तर आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक नव्या पोराला सांगतात. १९७९ साल, सॉल्क इन्स्टिट्यूट. फॉस्फेट कुठल्या अमिनो आम्लावर बसलंय हे तो इलेक्ट्रोफोरेसिसनं, म्हणजे विजेच्या ओढीनं रेणू वेगळे करून, बघत होता. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की फॉस्फेट सेरीनवर असतं नाहीतर थ्रिओनिनवर. त्यासाठीचं द्रावण, म्हणजे बफर, पीएच १.९ चा हवा. ताजा करायचा कंटाळा म्हणून त्यानं जुनाच पुन्हा वापरला, आणि वापरून वापरून त्याचा पीएच १.७ वर उतरला होता. १.९ ला फॉस्फोटायरोसीन आणि फॉस्फोथ्रिओनिन एकाच जागी जातात, १.७ ला वेगळे झाले. कुणी न पाहिलेला ठिपका दिसला. मग कोंबडीत गाठ करणाऱ्या रौस विषाणूचं सार्क प्रथिन तपासलं तर तेही टायरोसीनवरच फॉस्फेट लावत होतं. त्या विषाणूचा शोध १९११ चा. आणि सार्कचं मूळ जनुक निरोगी कोंबडीच्या पेशीतच असतं हे बिशप आणि वार्मस यांनी १९७६ ला दाखवलेलं. म्हणजे कॅन्सर बाहेरून येत नाही, आपल्याच वाढीच्या यंत्रणेचा एक भाग अडकून बसतो, हे एकदम उजेडात आलं. किस्सा ऐकून पोरं म्हणतात, म्हणजे जुना बफर चालतो. चालत नाही. अनपेक्षित ठिपका दिसल्यावर तो झटकून टाकला नाही, हंटरचं मोठेपण तिथं आहे.

आता तुझ्या आजीच्या गालाकडं येऊ. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशीतलं रास जनुक वाचलं गेलं. निरोगी जनुकात आणि त्यात फरक एका अक्षराचा निघाला: बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन. एवढ्यानं रासला जीटीपी मोडता येईना आणि ते कायमचं चालू राहिलं. बाहेर ईजीएफ असो नसो, आत निरोप सुरूच. पाश्चात्त्य देशांत तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे क्वचित दिसायचं. पण १९९१ मध्ये मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधून एक शोधनिबंध आला: तंबाखू चघळणाऱ्या भारतीय रुग्णांच्या गाठींत सुमारे एक-तृतीयांश ठिकाणी एच-रास या रासच्या एका प्रकारात असे बदल. त्या वेळी मी विद्यार्थिनी होते. आपल्या लोकांच्या तोंडातला कॅन्सर पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा निराळा असू शकतो, ही जाणीव मला त्या निबंधानं दिली. पुढं २०१३ मध्ये भारतीय गटानं गाल आणि हिरडीच्या कॅन्सरचं जनुकवाचन केलं. त्यात टीपी-५३, कॅस्पेज-८, नॉच-१, एच-रास ही ओळखीची जनुकं होतीच; शिवाय यूएसपी-९एक्ससारखी त्या कॅन्सरमध्ये आधी न नोंदलेली निघाली. यातलं प्रत्येक नाव म्हणजे कुणाची तरी पाच वर्षांची पीएच.डी. आहे, असं समज.

तंबाखू जनुकं बिघडवते एवढ्यावरही गोष्ट थांबत नाही. पेशीवर निकोटिनचे रिसेप्टर असतात, तोंडातल्या आणि श्वासनलिकेच्या पेशींवरसुद्धा. २००३ मध्ये दिसलं की निकोटिन आणि एनएनके श्वासनलिकेच्या निरोगी पेशींत काही मिनिटांतच एकेटी नावाचं कायनेज चालू करतात, आणि एकेटी पेशीला मरू देत नाही. डीएनए बिघडला की पेशीनं खरं तर मरायला हवं. एकीकडं बिघाड करायचा आणि दुसरीकडं मरणाची वाट अडवायची, असा दुहेरी मार. सुपारीचा मार्ग आणखी वेगळा. तिच्या माऱ्यानं टीजीएफ-बीटा या दुसऱ्या एका प्रथिनाचा निरोप वाढतो, कोलॅजेनचे चिवट धागे साठत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. गुटखा खाणाऱ्या तरुण पोरांना दोन बोटंही तोंडात घालता येत नाहीत, ते हेच.

औषधांबद्दल तू विचारलं नाहीस, पण घरचे विचारतील. मार्ग कळला की औषध सापडतं, हे एका कॅन्सरमध्ये फार देखणं घडलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात एक लहान, तुटका क्रोमोसोम १९६० ला दिसला. तो नऊ आणि बावीस क्रमांकांच्या अदलाबदलीतून होतो हे जॅनेट रॉलीनं १९७३ ला दाखवलं. त्यातून बनणाऱ्या बेकायदा कायनेजला अडवणारं इमॅटिनिब २००१ ला मंजूर झालं. गोळी घेऊन लोक नोकऱ्या करू लागले. मग सगळ्यांना वाटलं, आता एकेक कॅन्सर असाच पडणार.

पडला नाही. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्या धंद्याची गंमत इथंच आहे. बी-रॅफ या कायनेजमध्ये एक ठरावीक बदल असतो, मेलॅनोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये वारंवार. त्यावरचं औषध २०११ ला आलं आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठी आकसल्या. मोठ्या आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये नेमका तोच बदल असतो. तेच औषध दिलं. परिणाम जवळपास शून्य. बदल तोच, औषध तेच, मग असं का? २०१२ मध्ये उत्तर मिळालं. आतड्याच्या पेशीत ईआरके चालू असताना ते वरच्या ईजीएफआरला दाबून ठेवतं. औषधानं बी-रॅफ अडवलं, ईआरके पडलं, तसा ईजीएफआरवरचा दाब सुटला आणि निरोप दुसऱ्या वाटेनं खाली आला. त्वचेच्या त्या पेशींत ईजीएफआर मुळातच फार कमी असतो, म्हणून तिथं औषध चाललं. उसाला पाणी सोडलंय आणि दारं धरायला गेलेल्या माणसानं एकाच सरीचं तोंड बांधलं, तर पाणी शेजारची सरी फोडतं; विहिरीवरची मोटर चालूच आहे. यावर उपाय निघाला तो दोन्हीकडून अडवायचा: बी-रॅफवर एक औषध, ईजीएफआरवर दुसरं. ही जोडी अमेरिकेत २०२० ला मंजूर झाली. ‘निरोप थांबतो कसा’ असल्या रिकामटेकड्या वाटणाऱ्या प्रश्नाचा माणसाला उपयोग काय, असं मला कुणी विचारलं की मी हे उदाहरण देते.

तोंडाच्या कॅन्सरसाठीही काही हाती लागलंय. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी बरा होण्यापलीकडं गेलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये एक स्वस्त उपचार तपासला: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि ईजीएफआरचं कायनेज अडवणारं एर्लोटिनिब, या तीन गोळ्या, आणि अर्ध्या रुग्णांना त्यांच्या जोडीला निव्होलुमॅब या महागड्या औषधाचा नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी डोस. नुसत्या गोळ्यांवर एक वर्ष जगणारे १६.३ टक्के, जोडीनं ४३.४ टक्के. हे पूर्ण बरं होणं नव्हे. पण जमीन विकून औषध करणाऱ्या घराला ते वर्ष काय असतं हे तुला सांगायला नको. आणि कोहेनच्या पिल्लांच्या डोळ्यांपासून त्या एर्लोटिनिबच्या गोळीपर्यंत एकच धागा आहे.

धागा लांब मात्र आहे. रासमधला बदल १९८२ चा, त्याच्यावर थेट बसणारं पहिलं औषध मंजूर झालं २०२१ ला. तुला धीर आहे का, हे स्वतःला विचार.

रोजचं काम कसं असतं? बहुतेक वेळ पाइपेट हातात असतो. पेशी प्लॅस्टिकच्या बशीत वाढवायच्या, रात्रभर सीरमशिवाय (त्यात वाढीची प्रथिनं असतात) उपाशी ठेवायच्या म्हणजे जुने निरोप शांत होतात, सकाळी ईजीएफ घालायचं, आणि दोन, पाच, दहा, तीस मिनिटांनी एकेक बशी बर्फावर घेऊन पेशी फोडायच्या. फोडतानाच्या द्रावणात सोडियम व्हॅनाडेट आणि फ्लोराइड हवंच, नाहीतर पेशीतली फॉस्फटेजं तुझ्या डोळ्यांदेखत सगळे पुरावे पुसून टाकतात. मग प्रथिनं वेगळी करणारं जेल, मग ती पडद्यावर उतरवणं, मग फॉस्फेटवाल्या ईआरकेलाच ओळखणारी अँटिबॉडी. पडदा दुधाच्या भुकटीत भिजवू नकोस. दुधातल्या केसिन या प्रथिनावरच भरपूर फॉस्फेट असतं, ते अँटिबॉडीला चकवतं. आणि एकूण ईआरके किती आहे हे शेजारी दाखवल्याशिवाय फॉस्फेटची पट्टी जाड दिसली म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. करंट गेला तर उणे ऐंशीच्या फ्रीजजवळ धावायचं, रविवार असला तरी. पेशींना सुट्टी नसते, त्यामुळं गणपतीला घरी जायचं तर आधी कुणाला तरी लाडीगोडी लावावी लागते.

पेशी कुठून आल्या याचा कागद जवळ ठेवायचा. जगभरात कित्येक प्रयोगशाळांनी दुसऱ्याच अवयवाच्या समजून हेला पेशींवर (त्या मुळात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या) वर्षानुवर्षं काम केलंय. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राकडं पेशींचा साठा आहे, तिथून मागवता येतात. बाय द वे, भारतातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली ती पुण्याच्या कमल रणदिवे यांनी. १९४९ ला त्यांनी पॅथॉलॉजिस्ट वि. रा. खानोलकरांकडं पीएच.डी. केली, आणि पुढं अमेरिकेत ज्या जॉर्ज गाय यांच्याकडं काम केलं त्यांच्याच प्रयोगशाळेत हेला पेशी वाढल्या. घरात ‘बाईमाणसाला हे जमेल का’ असा सूर लागला तर हे नाव सांग.

एका गोष्टीपासून मात्र तुला हाताला धरून लांब ठेवीन. आपल्याकडं हळदीचा मुलूख. सांगलीची पेठ जवळ, चिक्कोडी-रायबागकडंही पीक होतं. त्यामुळं एम.एस्सी.च्या प्रकल्पाला कुणीतरी नक्की म्हणेल, हळदीचा अर्क नाहीतर एखादा झाडपाला कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघ. टाकशील, एमटीटीत (किती पेशी जिवंत आहेत हे मोजणाऱ्या चाचणीत) पेशी मेलेल्या दिसतील, शोधनिबंधही होईल. पण बशीतल्या पेशी पुरेशा डोसला कशानंही मरतात, फिनाइलनंही. निरोगी पेशी त्याच डोसला जगल्या का? तो डोस रक्तात कधी पोचेल का? हळदीतलं कर्क्युमिन पीएच ७.२ च्या नुसत्या बफरमध्ये अर्ध्या तासात ९० टक्के मोडतं, स्वतः चमकतं, प्रथिनांना सरसकट चिकटतं, त्यामुळं हरतऱ्हेच्या चाचणीत ते ‘सापडतं’. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात शंभरावर मानवी चाचण्या धरूनही नीट आंधळी (कुणाला काय दिलं हे न कळू देता केलेली), प्लासिबोशी म्हणजे पोकळ गोळीशी तुलना केलेली यशस्वी चाचणी एकही निघाली नाही. वनस्पतींवर चांगलं काम होतच नाही असं मी म्हणत नाही. विन्क्रिस्टीन सदाफुलीतूनच आलं. पण त्यासाठी एकच शुद्ध रेणू, त्याचं एकच लक्ष्य आणि ते लक्ष्य काढून टाकल्यावर परिणाम जातो का याचा पुरावा, एवढं हवं. ते करून घेणारा गाईड असेल तर खुशाल कर.

आता वाटचालीचं. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची पाच-सहा, स्वतःची प्रयोगशाळा हवी असेल तर पुढं परदेशात किंवा इथं पोस्टडॉकची (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची) तीन ते पाच. म्हणजे पस्तिशीच्या आसपास पक्की नोकरी. एम.एस्सी.साठी कोल्हापूर, धारवाड जवळ आहेत आणि वाईट मुळीच नाहीत. जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा दिलीस तर देशभरातल्या जागा उघडतात. पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळव. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० आहे, पुढं तिची एसआरएफ (वरची पायरी) झाली की ४२,०००, शिवाय घरभाडं. चैन होत नाही, पण घरून पैसे मागावे लागत नाहीत. शैक्षणिक जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. माझ्याकडून पीएच.डी. झालेल्यांपैकी प्राध्यापक कमीच झाले. बाकीचे बेंगळुरू-हैदराबादच्या औषध कंपन्यांत कायनेजवर काम करतात, काही रुग्णालयांच्या मॉलिक्युलर लॅबमध्ये ईजीएफआर, हर२ अशा रिसेप्टरांच्या चाचण्या बघतात, काही पेटंटमध्ये गेले. सगळे बऱ्यापैकी कमावतात.

घर कर्नाटकात आणि कॉलेज महाराष्ट्रात, म्हणून डोमिसाइलची धास्ती घेऊ नकोस. नेट, जॅम, गॅट-बी या केंद्राच्या परीक्षा, तिथं सीमाप्रश्न नाही. राखीव प्रवर्गातली असशील तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो. केंद्राच्या यादीत जात आहे का ते आधी बघ आणि नाडकचेरीतून वेळेत काढून घे. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तिथं खेटे घालणारी पोरं मी दरवर्षी ऐकते.

इंग्रजीचं म्हणशील तर पहिलं वर्ष जड जातं, नंतर सुटतं. शोधनिबंध हातात आला की आधी आकृत्या बघ, त्यांच्या खालचा मजकूर वाच, काय सिद्ध झालं ते मराठीत दोन ओळींत लिही, मग बाकीचं. आठवड्याला एक पुरे. आणि कन्नड विसरू नकोस. बेंगळुरूत यंत्रं दुरुस्त करणारे, प्राणिगृह सांभाळणारे, स्टोअरचे लोक कन्नडच बोलतात, आणि त्यांच्याशी जमलं की कामं झटकन होतात.

घरच्यांशी भांडू नकोस. मराठी शाळांत किती जागा निघतात हे त्यांनाही दिसतंय. त्यांची काळजी खरी आहे. त्यांना मुदत माग: बी.एस्सी. आणि एम.एस्सी. होईपर्यंत. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात नेट दे, निघाली नाही तर पुढची एक संधी, आणि तरीही नाही तर बी.एड.चं दार कुठं बंद होत नाही, एम.एस्सी. झालेल्या शिक्षिकेला मागणीही जास्त. जेआरएफचं पत्र हातात आलं की वडिलांचा आवाज बदलतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

पण त्याआधी, यंदाच, हे काम तुला आवडतं का ते तपास. तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिने विद्यार्थ्यांना संशोधकाकडं पाठवतात, विद्यावेतन देऊन. अर्ज ऑनलाइन, साधारण दिवाळीच्या आगेमागे निघतो. त्यात काय शिकायचं आहे यावर एक छोटं टिपण लिहावं लागतं. तिथं आजीची गोष्ट एका ओळीत ठेव आणि बाकी जागेत एक नेमका प्रश्न मांड. एखाद्या प्राध्यापकाचं शिफारसपत्रही लागतं. रसायनशास्त्राच्या सरांना आत्ताच विचारून ठेव, सुट्टी लागली की कुणी सापडत नाही.